पेशी की कोशिका?

कविता, कादंबरी, नाटक यांची समीक्षा आपल्याकडे भरपूर होते. शास्त्रीय परिभाषेतल्या एखाद्या शब्दाची समीक्षा करावी, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. समिती बसते, शब्द ठरतो, पाठ्यपुस्तकात छापला जातो आणि मुले तो पाठ करतात. रसिकाला तेथे काही काम उरत नाही. पण शब्द शास्त्रात गेला म्हणून आपला स्वभाव सोडतो थोडाच! तेथेही तो मनापुढे चित्र उभे करतोच, आणि ते चित्र बरोबर असो की चूक, एकदा बसले की पुसायला पिढ्या लागतात. कवितेतली फसलेली उपमा फार तर एक ओळ बिघडवते. शास्त्रातली फसलेली उपमा पुढचा प्रश्नच सुचू देत नाही.

अशाच दोन शब्दांचा आज विचार करावयाचा आहे. सजीवाचा जो सर्वांत लहान जिवंत घटक, त्याला मराठीत दोन नावे आहेत. शाळेच्या पुस्तकात आणि डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘पेशी’ असतो. मराठी विश्वकोशाच्या नोंदींत तो पुष्कळदा ‘कोशिका’ या नावाने भेटतो. दोन्ही शब्द संस्कृतातून आलेले, दोन्ही कानाला गोड, दोन्ही स्त्रीलिंगी. तेव्हा कोणता घेतला तरी काय बिघडले, असे कोणीही विचारील. माझे म्हणणे असे की, पुष्कळ बिघडते. या दोन शब्दांत जीवनाविषयीच्या दोन वेगळ्या कल्पना दडलेल्या आहेत, आणि गेल्या ऐंशी वर्षांतल्या संशोधनाने त्यांतल्या एकीच्या बाजूने कौल दिला आहे.

आधी ‘कोशिके’ची कुळकथा पाहू. कोश म्हणजे आवरण, म्यान, खजिना. रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो तोही कोशच. कोशिका म्हणजे चिमुकला कोश. इंग्रजीतल्या ‘सेल’ या शब्दाचे हे प्रामाणिक भाषांतर आहे, कारण सेल म्हणजे लहानशी खोली. हे नाव दिले रॉबर्ट हुकने. १६६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या आपल्या ग्रंथात त्याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला याचे वर्णन केले आणि चित्रही काढून दिले. ओळीने मांडलेल्या, भिंतींनी वेगळ्या केलेल्या रिकाम्या खोल्या त्याला दिसल्या. आता बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. भाडेकरू केव्हाच निघून गेला होता. हुकला दिसले ते त्याचे घर. त्याने घराला जे नाव दिले तेच पुढे भाडेकरूलाही चिकटले!

वनस्पतींपुरते हे एक वेळ चालून गेले असते. त्यांच्या प्रत्येक घटकाभोवती खरोखरच टणक भिंत असते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने ती ताठ राहते. पाणी कमी पडले की मेथीची जुडी मान टाकते, ती हा दाब ओसरल्यामुळेच. परंतु १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींविषयी जो सिद्धान्त मांडला, तो १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांनाही लागू केला, आणि सिद्धान्ताबरोबर नावही तिकडे गेले. सिद्धान्त थोर होता यात शंका नाही. पण झाडाच्या अंगावर बेतलेला अंगरखा प्राण्याला चढवला गेला तो तेव्हाच. प्राण्यांच्या शरीरातल्या या घटकाला भिंत नसते. असतो तो साबणाच्या फुग्याहूनही तलम असा पापुद्रा. मग भिंत नसताना त्याचा आकार टिकतो कसा? तो गोल थेंब का होत नाही? कोठे चपटा, कोठे लांबोडा, कोठे तारेसारखा टोकेरी, अशी रूपे तो कशाच्या बळावर धारण करतो? ‘कोशिका’ या शब्दाचा दोष असा की, हा प्रश्न तो विचारूच देत नाही. डबा म्हटला की त्याला आकार असायचाच; त्यात आश्चर्य कसले?

आपल्याकडच्या सुबोध विज्ञानलेखनातल्या बहुतेक उपमा याच डब्याच्या पोटातून निघालेल्या आहेत. ‘पेशी हा एक कारखाना’ असे वाक्य आपण सर्वांनी वाचलेले असते. मग त्यात वीजघर येते, कचेरी येते, कोठार येते, मालाची ने-आण येते. लेखकांचा हेतू चांगला असतो आणि मुलांना मजाही वाटते. परंतु कारखाना म्हणताच चार भिंती आणि छप्पर आपण गृहीत धरून मोकळे होतो. आत काय काय आहे याची यादी होते. बाहेरून आत आणि आतून बाहेर कोण कोणाला ओढते आहे, याचा पत्ता लागत नाही. फळ्यावर वर्तुळ काढायचे, मध्ये ठिपका द्यायचा आणि बाणांनी नावे लिहायची, हे चित्र या उपमेचेच अपत्य आहे.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. ‘पेशी’ हा शब्द सुश्रुतसंहितेत आहे, पण आजच्या अर्थाने नव्हे. मनुष्याच्या शरीरात पाचशे पेशी असतात, असे सुश्रुत सांगतो. आजच्या अर्थाने वाचणारा हसेल. पण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसपेशी, आज आपण जिला स्नायू म्हणतो ती. आणि सुश्रुताचा स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी बळकट दोरी. ते त्याने नऊशे सांगितले आहेत. मराठीत येता येता संगीत खुर्चीचा खेळ झाला. स्नायू पेशीच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि पेशी उभी राहिली. तेवढ्यात इंग्रजी सेलसाठी खुर्ची रिकामी झाली, ती तिने पटकावली.

लॅटिन भाषेने स्नायूला ‘छोटा उंदीर’ म्हटले. कातडीखाली काही तरी सरसरत गेल्याचा भास त्यात आहे. मराठी पोरे दंड वाकवून ‘बेटकुळी’ दाखवतात. आपल्याला त्याच जागी बेडकी दिसली. उंदीर काय, बेडकी काय, दोन्ही जिवंत आणि चपळ. पेशी या शब्दाच्या पोटातही हेच हालते, आखडते, ओढणारे मांस आहे. सेलसाठी तो ज्याने प्रथम वापरला त्याच्या मनात हा अर्थ होता, असा माझा दावा नाही. कवीला अभिप्रेत नसलेला अर्थही कवितेत असू शकतो, हे समीक्षेच्या वाचकाला सांगायला नकोच. शब्दालाही हाच न्याय लावला पाहिजे.

या शब्दात नकळत येऊन बसलेला अर्थ पुढे प्रयोगशाळेत कसा खरा ठरला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, हंगेरीतल्या सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब या तरुण शास्त्रज्ञाने स्नायूतून एक नवे प्रथिन वेगळे काढले. मायोसिन हे स्नायूतले दुसरे प्रथिन आधीच माहीत होते. हे नवे प्रथिन त्याला चेतवते म्हणून त्याचे नाव ‘अ‍ॅक्टिन’ पडले. दोघे एकत्र आले की स्नायू आखडतो. अ‍ॅक्टिन ही स्नायूची खास मालमत्ता आहे, अशीच तेव्हा समजूत होती. १९६६ मध्ये जपानमधल्या हातानो आणि ओसावा यांनी हेच प्रथिन बुळबुळीत, बुरशीसारख्या दिसणाऱ्या एका जीवातून काढून दाखवले. या जीवाला स्नायू नावालाही नसतो! त्यानंतर तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, इशिकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्नायूंशी संबंध नसलेल्या इतर अनेक पेशींतही अ‍ॅक्टिनचे तंतू सापडले.

१९७४ साली अमेरिकेत लाझारिडिस आणि वेबर यांनी अ‍ॅक्टिनला नेमके जाऊन चिकटणारे, चमकणारे प्रतिद्रव्य वापरून पेशीकडे पाहिले. काळ्या पार्श्वभूमीवर पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या सरळ, लखलखीत तारा दिसल्या. तंबोऱ्याच्या तारा कोणी पेशीत बांधून ठेवाव्यात तशा. अशा रेघा १९२० च्या दशकात लुइस दांपत्याने काचेवर वाढवलेल्या जिवंत पेशींत पाहिल्या होत्या. त्या कशाच्या आहेत ते आता कळले. अ‍ॅक्टिनचा एक तंतू इतका बारीक असतो की, एका मिलिमीटरात असे सुमारे एक लाख चाळीस हजार तंतू शेजारी शेजारी मावतील. असे दहा ते तीस तंतू एकत्र येऊन एक जुडी होते. ठरावीक अंतरावर दुसरे एक प्रथिन त्यांना आवळून धरते आणि मधल्या मधल्या जागी मायोसिन बसलेले असते. स्नायूची रचना जवळजवळ हीच. फक्त येथे ती कमी काटेकोर आणि फार लहान. म्हणजे आधुनिक अर्थाच्या पेशीत सुश्रुताच्या अर्थाची पेशी निघाली!

या जुड्यांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचे मराठी ‘ताणतंतू’ असे करता येईल. समीक्षकाला हा शब्द फार आवडावा असा आहे, कारण आपल्या व्याकरणात समास सोडवण्याची सोय आहे. ताणतंतू म्हणजे काय? ताण निर्माण करणारा तंतू, ताण सोसणारा तंतू, की ताणामुळे निर्माण झालेला तंतू? तीन विग्रह होतात. व्याकरणाच्या पेपरात यांतला एकच बरोबर धरतील. निसर्गात मात्र तिन्ही खरे आहेत, आणि तसे पुरावे आहेत.

पहिला विग्रह घ्या. १९८० साली अल्बर्ट हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रबरासारख्या द्रव्याच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर पेशी सोडल्या. दुधावरची साय बोटाने ओढली की जशी सुरकुतते, तसा पेशींखालचा पापुद्रा सुरकुतला. पेशी ओढतात हे डोळ्यांना दिसले. आणखी एक गोष्ट लक्षात आली: जखम भरून काढणाऱ्या जातीच्या पेशी नुसते सरपटण्याला लागेल त्याहून किती तरी जास्त जोर लावीत होत्या. एवढा जोर कशाला? भोवतालचे धागे ओढून जागा आवळून घेण्यासाठी, असे त्याचे उत्तर. १९७१ मध्ये गाबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरत आलेल्या जखमेत स्नायूसारख्या बनलेल्या पेशी दाखवल्याच होत्या. गुडघा फुटलेल्या मुलाची जखम दिवसेंदिवस लहान होत जाते, ती केवळ नवी कातडी येते म्हणून नव्हे. कडा आत ओढल्या जातात म्हणूनही. तेच ओढणे वेळेवर थांबले नाही तर व्रण घट्ट होतो, कातडी आखडते. भाजलेल्या माणसाचे बोट वाकडेच राहते.

दुसरा विग्रह, ताण सोसणारा. २००६ साली संजय कुमार, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी लेसर किरणाच्या सूक्ष्म सुरीने जिवंत पेशीतला एकच ताणतंतू तोडला. तुटलेली टोके ताणलेल्या दोरीसारखी झटकन मागे गेली आणि मग काही सेकंदांत मंदावत थांबली. पेशी मऊ बैठकीवर असेल तर एक तंतू तुटताच साऱ्या पेशीचा आकार बदलला. भिंत कोसळली म्हणून नव्हे, दोर सुटला म्हणून!

तिसरा विग्रह सर्वांत विलक्षण. मायोसिनची ओढ औषधाने बंद केली तर हे तंतू विरघळू लागतात. पेशी लोण्यासारख्या मऊ बैठकीवर वाढवली तर ते नीट बनत नाहीत. कडक बैठकीवर भराभर बनतात. जेथे पेशी बैठकीला धरते त्या जागी टॅलिन नावाचे प्रथिन असते. ते ओढले गेले की त्याच्या घड्या उलगडतात आणि दुसऱ्या प्रथिनाला पकडायला जागा होते, हे २००९ मध्ये दाखवले गेले. ओढल्याने गाठ सुटत नाही, उलट पक्की होते. म्हणजे ताण आहे म्हणून तंतू आहे, आणि तंतू आहे म्हणून ताण आहे. शिवाय तंतूतले रेणू मिनिटामिनिटाला बदलत असतात. जुने निघतात, नवे बसतात. दोरी ओढली जात असतानाच वळलीही जात असते.

येथे एका प्रसिद्ध उपमेचा हिशेब केला पाहिजे. केनेथ स्नेल्सन या शिल्पकाराने १९४८ पासून अशी शिल्पे उभी केली की, त्यांतल्या कांबी एकमेकींना टेकत नाहीत. तारांच्या ओढीवर त्या अधांतरी तोललेल्या असतात. बकमिन्स्टर फुलरने या रचनेला नाव दिले. १९७० च्या दशकात येल विद्यापीठात शिकत असताना एका कलेच्या वर्गात इंगबर यांना ही रचना भेटली, आणि पेशीही अशीच उभी असेल, असे त्यांच्या मनाने घेतले. शिल्पातून शास्त्राला उपमा मिळाल्याचे हे सुंदर उदाहरण आहे. पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे, ती तंबूसारखी ताणावर उभी आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले आणि ते योग्यच होते. कारखान्यापेक्षा तंबू शतपटीने बरा. तंबूच्या दोराला मराठीत ‘तणावा’ म्हणत, तेव्हा आपल्याला ही उपमा परकीही वाटू नये.

तरीही ती अपुरी आहे. तंबूचा तणावा एकदा खुंटीला बांधला की माणूस झोपायला मोकळा होतो. पेशीतला तणावा स्वतःच ओढतो. ओढायचे थांबला तर उरतच नाही. याला जवळचे चित्र दहीहंडीच्या थराचे. तो थर उभा आहे, कारण प्रत्येक जण या क्षणी जोर लावून आहे. थर ही वस्तू नाही, ती चाललेली क्रिया आहे. आणि येथेच ‘पेशी’ हा शब्द ‘कोशिके’वर मात करतो: कोशिकेचा आकार तिच्या मालकीचा, पेशीचा आकार तिच्या कष्टाचा.

या निर्णयावर दोन आक्षेप येतील आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा की, हे तंतू ठळक दिसतात ते काचेवर चिकटवलेल्या पेशीत. काचेइतके कठीण शरीरात हाडाखेरीज आहे काय? शरीरातल्या मऊ जागी ते खरोखर कमी आढळतात. ते खूप दिसतात ते वाहत्या रक्ताची घसट सोसणाऱ्या धमनीच्या अस्तरात आणि आवळत चाललेल्या जखमेत. शिवाय मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकणारी त्यांची देखणी चित्रे बहुधा मेलेल्या पेशींची असतात. पेशी रसायनाने आहे तशी गोठवतात आणि एका जहरी अळिंबीतून मिळणाऱ्या फॅलॉइडिन या विषाला चमकता रंग जोडून ते तंतूंना लावतात. हे विष तंतूला असे घट्ट धरते की तो पुन्हा सुटूच शकत नाही. चित्र स्पष्ट येते, पण ज्या सतत घडण्या-मोडण्यात त्याचा प्राण होता तेच त्यातून गेलेले असते. हुकच्या बुचाची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट आहे. साडेतीनशे वर्षांनंतरही आपण मेलेले पाहून जिवंताला नाव देण्याच्या मोहात पडू शकतो.

दुसरा आक्षेप असा की, सर्वच पेशी अशा बाह्या सरसावून बसलेल्या नसतात. रक्तातल्या तांबड्या पेशीत असे तंतू नसतात. ती प्रवाहाबरोबर दुमडते, वळते, निसटते. आणि वनस्पतींचे तर वेगळेच. त्यांच्याकडे अ‍ॅक्टिन आहे, पण आकार राखण्याचे ओझे भिंतीवर आहे. हे मान्य करून असे म्हणता येईल की, झाडाला ‘कोशिका’ शोभते. हुकने पाहिले ते झाडच होते. त्याचा शब्द त्याच्या जागी चुकला नव्हता, तो प्राण्यांकडे नेला तेव्हा चुकला.

आता एवढा खल कशासाठी, याचेही उत्तर दिले पाहिजे. १९९७ साली इंगबर आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींसाठी चिकट द्रव्याची लहानमोठी बेटे तयार केली. अन्न सर्वांना सारखेच. ज्यांना पसरायला जागा मिळाली त्या जगल्या, वाढल्या. ज्यांना अंग चोरून गोळा व्हावे लागले त्या मेल्या. डब्यात काय भरले आहे एवढ्यानेच जगणे ठरत असते तर असे घडले नसते. २००६ मध्ये डिशर यांच्या प्रयोगशाळेने आणखी पुढची गोष्ट दाखवली. अजून काय व्हायचे हे न ठरलेल्या पेशी मेंदूइतक्या मऊ बैठकीवर चेतापेशींचे वळण घेतात, स्नायूइतक्या बैठकीवर स्नायूचे, आणि त्याहून कडक बैठकीवर हाडाचे. मायोसिनची ओढ बंद केली की हे वळण लागत नाही. पेशी जणू जमीन ओढून पाहते आणि मगच आपण कोण व्हायचे ते ठरवते. कर्करोगाची गाठ हाताला कडक का लागते आणि तो कडकपणाच रोगाला कसा हात देतो, याचा शोध आज याच वाटेने चालला आहे. हे सारे समजून घ्यायला डब्याचे चित्र निरुपयोगी आहे. ते मनात घट्ट बसलेला मुलगा हुशार असला तरी हे प्रश्न त्याला परके वाटतील. आणि ज्या भाषेत प्रश्न परका वाटतो त्या भाषेत शास्त्र फक्त पाठ होते.

म्हणून माझे मत पेशीला. शब्द आपल्या पदरी आहे, रुळलेला आहे, आणि त्याच्या पोटातला जुना अर्थ नव्या ज्ञानाशी जुळतो. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी तेवढी एक ओळ द्यावी: पेशी म्हणजे मूळची मांसपेशी, ओढणारी. आणि चित्र काढताना वर्तुळाऐवजी चार ठिकाणी धरून ताणलेल्या चादरीसारखा आकार काढावा; त्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ रेघा ओढाव्यात. वर्गातले एखादे मूल विचारील, “बाई, ही चादर धरली कोणी?” त्या प्रश्नाला ‘कोणीच नाही, तिने स्वतःच’ असे उत्तर मिळाले, की पुढचा तास आपोआप सुरू होईल.